मनवणारी

माझा बाप रावेरकडच्या बागांत केळीचे घड कापायचा आणि ट्रकमध्ये भरायचा. केळीचा चीक त्याच्या सदऱ्यावर काळा पडून बसलेला, कुठल्या साबणाने निघत नसे. काम असलं तर बाहेर, नसलं तर घरी. आणि घरी असला की तो अन्नावर रुसायचा. कारण काहीही चालायचं. भाकरी गार झाली, माय तिच्या भावाशी जरा जास्त बोलली, कुणी त्याच्याआधी पाणी प्यायलं. तो ताट सरकवून ओट्यावर आमच्याकडे पाठ करून बसायचा. मग घरात कुणीच जेवायचं नाही. घरचा माणूस उपाशी असताना जो घास घेईल तो माणूसच नव्हे, ही आमच्याकडची रीत. आम्ही भावंडं चुलीपुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीकडे बघत बसायचो. गरिबीने आम्हाला जेवढं उपाशी ठेवलं नाही, तेवढं त्या रुसव्याने ठेवलं.

थोड्या वेळाने माय मला ढोसायची. "तूच जाय व माय. तुह्यंच आयकतो तो."

मी जायची. त्याचे पाय दाबायची, शाळेतली गंमत सांगायची. तरी तो हलला नाही की म्हणायची, आबा, मी उद्या शाळेत नाही जात, तुमच्याजवळ बसते. त्यावर तो उठायचा. मग माय गल्लीभर सांगायची की माझी पोर कुणालाही मनवते. बाया माझ्या गालावरून हात फिरवायच्या. मला ते बक्षीस वाटायचं. एवढ्याशा पोरीला हे काम लावणाऱ्या घराचा मला आजही राग येतो. बापाचा येतो, मायचा येतो, आणि कौतुक करणाऱ्या त्या गल्लीचा सगळ्यात जास्त येतो.

तरीही मी शिकले. रेल्वेने भुसावळला जाऊन-येऊन कॉलेज केलं. आमच्या कुळात पदवी घेणारी मी पहिली, आणि हे मी मान वर करूनच सांगते. पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून लागले. जळगावातलं स्थळ आलं, लग्न झालं. नवरा जिनिंग मिलमध्ये स्टोअरकीपर. दारू नाही, तंबाखू नाही, हात उचलणं नाही. लोक म्हणायचे, देवमाणूस मिळाला. देवमाणूस रुसायचा. माझ्या बापाला शिकवील असा रुसायचा. मी ऑफिसच्या सहलीला गेले म्हणून, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायचं नाव काढलं म्हणून, कधी नुसतंच. त्याने स्कूटर स्टँडवर लावली की त्या आवाजावरून मला संध्याकाळ कशी जाणार ते कळायचं. मग मी मागे मागे. काय चुकलं, सांगा तरी. थोडं तरी खा. तो दोन दोन दिवस गप्प. सासू उपाशी, मी उपाशी. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोटात आग पडायची. एकदा टेबलावरच डोकं ठेवून पडले, तेव्हा डॉक्टरांनी ॲसिडिटीचं गुलाबी औषध दिलं आणि वेळेवर जेवा म्हणाले.

हेही मी चालवून घेतलं असतं. पण माझी मुलगी शाळेत जाऊ लागली त्या वर्षी एका संध्याकाळी सासू तिला म्हणाली, "जाय बेटा, तुना बापले मनाड. तुनं ऐकस तो." सासू धुळ्याकडची, घरात अहिराणीच बोलायची. पोरगी गेली. बापाच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "पप्पा, मी उद्या शाळेत नाही जात. तुमच्याजवळ बसते."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी तर कधीच नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी माझंच लहानपणचं वाक्य ऐकलं. मला कुणीतरी सोडवायला हवं होतं. माझं माझ्याने होत नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पण सोडवणारं माणूस मिळायला किती फिरावं लागतं, ते ऐका. जळगावात एक मनोविकारतज्ज्ञ होते. पाटी वाचताना कुणी ओळखीचं बघेल म्हणून मी तोंडावरून पदर घेऊन जिना चढले. ते म्हणाले, मिस्टरांना घेऊन या. घेऊन गेले. मिस्टर त्यांच्याशी कापसाच्या भावावर असे गोड बोलले की डॉक्टर हसून मला म्हणाले, "ताई, माणूस चांगला आहे. तुम्ही जरा समजून घ्या." आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. म्हणजे आता उपाशीपोटी झोप तरी लागेल. मग एका समाजसेविका बाईंकडे गेले. त्यांनी मला सोमवारचे उपास धरायला सांगितले. उपास. मी दुसरं करत काय होते?

शेवटी ऑफिसातल्या एका मैत्रिणीने सांगितलं की धुळ्याला मानसशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या एक प्रोफेसर बाई शनिवारी एका धर्मादाय दवाखान्याच्या माडीवर बसतात. गोळ्या देत नाहीत, बोलतात. मी सुटीच्या शनिवारी एस्टी धरली. घरी ऑफिसचं काम म्हणून सांगितलं. नवऱ्याचा रुसवा चालूच होता. सासू शेजारणीला ऐकवत होती, "पोऱ्या उपाशी शे, अन् हाई बाई एस्टीनी वाट धरस."

बाईंसमोर मी भडाभडा बोलले. तो कशाने चिडतो, कशाने मऊ पडतो, आवाजावरून मला कसं कळतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "इतके दिवस न जेवता तो माणूस मिलमध्ये उभा कसा राहतो?"

पदवी घेतलेल्या मला हे कधी सुचलं नव्हतं. आमच्या घरात कुणालाच कधी सुचलं नव्हतं.

पुढच्याच रुसव्यात मी जेवणाच्या सुटीत ऑफिसातून निघून मिलवर गेले. फाटकासमोरच्या हॉटेलात आमचे देवमाणूस मित्रांबरोबर शेवभाजी ओरपत होते. वर कांदा, वर लिंबू, आणि हसणं रस्त्यापर्यंत. घरी पोरगी सकाळी चहा-बिस्किटावर शाळेत गेलेली. मला त्या हॉटेलातलं पातेलं उचलून त्याच्या डोक्यावर उपडं करावंसं वाटलं. केलं नाही. शनिवारची वाट बघितली आणि जिंकल्यासारखी बाईंना सांगायला गेले.

बाई खूश झाल्या नाहीत. म्हणाल्या, "तो खातो की नाही, हा शोध तुम्ही लावायचा नाही. तुम्ही जेवलात का, एवढंच मला सांगा."

मी जेवले नव्हते. हॉटेलातलं बघून आल्यावरही, त्याचा रुसवा उतरेपर्यंत, मी जेवले नव्हते.

परतीच्या एस्टीत मला त्या बाईंचाच राग आला. एवढा पुरावा आणला, तर ही मलाच विचारते. पारोळ्यापर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. एरंडोलच्या पुढे कुठेतरी लक्षात आलं की शेवभाजीने काहीच बदलत नाही. तो खरोखर उपाशी असता तर मी जन्मभर उपाशी राहिले असते, आणि ते बरोबर आहे असंच समजत राहिले असते.

पुढचा रुसवा आमटीवरून झाला. मी दोन ताटं वाढली, माझं आणि मुलीचं. तो बाहेर खुर्चीत. सासू म्हणाली, शिकेल बायकास्ले लाजच नही. पोरगी बापाकडे बघून उठायला लागली, तिचा हात धरून मी तिला खाली बसवलं. ताट संपवलं आणि मोरीत जाऊन सगळं ओकले. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, होतं असं, परत जेवा.

परत जेवले. त्याने ओरडून पाहिलं. भावाकडे जाऊन राहून पाहिलं. मी बोलवायला गेले नाही, तेव्हा आपला आपण आला. एका संध्याकाळी आम्ही मायलेकी जेवत होतो, तेव्हा सासू भिंतीला टेकून बराच वेळ आमच्या ताटांकडे बघत राहिली, आणि मग म्हणाली, "मालेबी वाढ. भूक लागनी." मी वाढलं. ती खाली मान घालून जेवली. नवऱ्याने पहिल्यांदाच खुर्चीतून वळून आत बघितलं.

माझा राग गेलेला नाही. जाऊ नये असंच मला वाटतं. नवराही बदलला नाही, अधूनमधून रुसतोच. पण मी त्याला मनवणं सोडलं. आमच्या घरात आता ज्याला भूक लागते तो जेवतो, आणि कुणाला मनवायला माझी मुलगी ताटावरून उठत नाही.