दूरच्या खडकावरचा शंख

रविवारी डोंगरावर गारगोट्या शोधायच्या की किनाऱ्यावर शंख, यावरून आम्हा नवराबायकोचं नेहमी वाजतं. डोंगर ह्यांचा, समुद्र माझा. काल माझ्या हट्टापायी समुद्र झाला. माझ्यासाठी शंख आणायला हे दूरच्या खडकावर गेले आणि त्यांच्या मागे भरतीचं पाणी चढू लागलं.

"अहो, फिरा मागे!" मी ओरडत होते. लाटांत त्यांना ऐकूच जाईना. शोधायच्या नादात आपण काय पणाला लावतो, हे पाणी चढेपर्यंत कळत नाही.

छातीभर पाण्यातून ते कसेबसे परतले. मूठ रिकामी होती.

"शंखात जीव होता गं. परत ठेवला."

मी त्यांचा गार हात घट्ट धरला. परतताना पायांखाली शिंपल्यांचा खच होता. मी एकदाही वाकले नाही.