फोंड्याच्या घाटात राहिलेले हातमोजे

फोंड्याच्या घाटात देव मला प्रत्यक्ष भेटला, असं आमच्या गावात अजून सांगतात. सांगणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्या घाटात कधी गेलेले नाहीत, आणि जो गेला होता त्याला, म्हणजे मला, कुणी फारसं विचारत नाही. विचारलं तर मी काय सांगेन याची त्यांना धास्ती असावी. मीही बरीच वर्षं काही बोललो नाही. आता आई राहिली नाही, आणि तिच्या तोंडी ती गोष्ट जशी वाढत गेली तशी ती मला पुढे नेता येणार नाही. म्हणून जे झालं तेवढं लिहून ठेवतो.

मी मालवणजवळच्या एका गावात शाळामास्तर होतो. देवळात जात असे, पण पाहुणा जातो तसा: चपला नीट ठेवून, कुणाच्या पाया न पडता. देव नाही असं मी कधी म्हटलं नाही. तो असेल तर त्याच्या नावानं चाललेल्या समारंभांना त्याची हजेरी नसावी, एवढंच माझं मत होतं. त्या वर्षी पौषात माझी बायको सुमन कोल्हापुरात इस्पितळात होती. तिचा ताप आमच्या इकडच्या औषधांना दाद देईना, म्हणून तिच्या भावानं तिला तिकडे नेलं होतं. आधी बरं आहे असा निरोप आला, मग तसंच आहे असा, मग निरोप येईनासे झाले. वर्गात मी कविता शिकवत असे आणि माझं सगळं लक्ष रस्त्याकडे असे.

एका दुपारी कोल्हापूरच्या एस्टीचा ड्रायव्हर स्टँडवरून सरळ शाळेत आला. निरोप पोचवणं हे त्याचं काम नव्हतं, पण आमच्याकडे ड्रायव्हर हा अर्धा पोस्टमनच असे. त्यानं टोपी काढून हातात धरली, तेव्हाच मला कळलं.

"मास्तरांनू, तुमच्या मेवण्यान सांगल्यान, आता थांबा नकात. उद्याच्या माझ्या गाडयेन येशात तर पोचासर सांज होतली."

माझ्याकडे एक फटफटी होती. शेजारच्या निवृत्त सुभेदारांकडून मी ती घेतली होती, आणि त्यांनी ती लष्कराच्या लिलावातून. गावात ती कौतुकाचा विषय होती, मुख्यतः ती बंद पडे तेव्हा. आज निघून फोंड्याला रात्र काढायची आणि उजाडायच्या आत घाट चढायचा, म्हणजे सकाळच्या पहिल्या प्रहरी कोल्हापूर गाठता येईल, असा हिशेब सुभेदारांनीच मांडून दिला. मग घरात जाऊन त्यांनी लढाईत वापरलेले जाड कातडी हातमोजे आणले. इटलीतल्या बर्फात ते घातले होते, असं ते नेहमी सांगत.

"घाटार वाघाक भिया नकात," ते म्हणाले, "थंडयेक भिया."

किनाऱ्यावरच्या माणसाला थंडी म्हणजे काय ते ठाऊक नसतं. खोबरेल तेलाची बाटली थिजली की आम्ही म्हणतो, यंदा थंडी पडली, आणि बाटली उन्हात ठेवतो. स्वेटर गावात कुणाकडेच नव्हता. मी सदऱ्यावर पावसाळी कोट चढवला, कानांना पंचा बांधला आणि सुभेदारांच्या सांगण्यावरून छातीशी वर्तमानपत्राची घडी कोंबली. पहिल्या पानावर एका मंत्र्याचं लांबलचक भाषण होतं. त्या भाषणानं इतकी ऊब दुसऱ्या कुणाला दिली नसेल.

निघायच्या आधी आईनं मला रवळनाथाच्या देवळात ओढत नेलं. गुरवाला तिनं आधीच बोलावून ठेवलं होतं. नारळ पुढ्यात ठेवून त्यानं गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा रवळनाथा, हो तुझो लेकरू आज घाटार चललो आसा. तेका थंडी-वारो लागाक नको. तेचे हातपाय गरम ऱ्हवांदेत. आणि तेची बायल खाटयेवरसून उठान आपल्या पायांनी घराक येवंदे."

"व्हय म्हाराजा," आई आणि दोन-चार शेजारी म्हणाले. आईनं कोपरानं ढोसलं. "झिला, व्हय म्हण."

मी व्हय म्हटलं. खरं सांगायचं तर दुसऱ्या मागणीला म्हटलं. पहिली मला उगाच वाटली, कारण हातमोजे होते.

फोंड्याला एका ओळखीच्या दुकानाच्या फळीवर रात्र काढली आणि काळोख असतानाच घाटाला लागलो. वळणं चढता चढता धुकं इतकं दाट झालं की दिवा लावून फक्त धुकंच दिसे. माथ्यावर पोचलो आणि फटफटीनं दोनदा खोकून मान टाकली. लाथा मारून मारून पाय दुखले. आवाज असा कसलाच नव्हता, फक्त झाडांवरून दव गळत होतं. तिथे उभं राहून मी मोठ्यानं काहीतरी बोललो. ती प्रार्थना होती असं आई म्हणायची. ती शिवी होती.

तेवढ्यात धुक्यात तांबूस उजेड दिसला. फटफटी ढकलत गेलो तर रस्त्याच्या कडेला शेकोटी, आणि शेकोटीपाशी घोंगडी पांघरलेला एक म्हातारा. त्याच्या मागे पुढे काहीही दिसत नव्हतं. मी कोण, कुठला, कुठे चाललो, हे त्यानं विचारलं नाही. आमच्याकडे तेवढं विचारल्याशिवाय कुणी पाणीही देत नाही.

"काढा तो पलग, पावनं," तो म्हणाला. "द्या हिकडं."

हातमोजे काढून मी ते एका दगडावर ठेवले आणि प्लग खोलला. तो तेलानं काळा झाला होता. म्हाताऱ्यानं तो सांडशीत धरून निखाऱ्यावर तापवला, फडक्यानं पुसला, आणि चुलीत भाजलेलं वांगं काढून द्यावं तसा माझ्याकडे दिला. मी तो बसवला. त्यानं मागून रेटा दिला आणि फटफटी सुरू झाली. ती पुन्हा थांबेल या भीतीनं मी मागे वळूनही पाहिलं नाही.

बरंच अंतर गेल्यावर बोटं जळजळायला लागली आणि मला हातमोजे आठवले. मागे फिरणं शक्य नव्हतं. दाजीपूरच्या जंगलातून राधानगरीपर्यंत वारा कापत गेलो. आधी बोटं दुखली, मग दुखायची थांबली, ते जास्त वाईट होतं. क्लच दाबला की नाही, हे कानांनी ओळखावं लागे. हात माझे राहिले नव्हते. रवळनाथाला मी मनात म्हटलं, तुझ्याकडे दोन गोष्टी मागितल्या, त्यातली सोपी तरी द्यायचीस. म्हाताऱ्यालाही सोडलं नाही. त्यानं हाक मारली असती तर काय बिघडलं असतं.

कोल्हापुरात पोचलो तेव्हाही धुकं फिटलं नव्हतं. मेहुणा बर्फ शोधायला गेला होता. कडाक्याच्या थंडीत बर्फाची दुकानं बंद, आणि इकडे सुमनच्या अंगाला हात लावता येत नव्हता इतकी ती तापली होती. कपाळावरच्या ओल्या पट्ट्या ती काढून फेकत होती, पाणी डोळ्यांत जाई म्हणून. नर्स म्हणाली, चार दिवस झाले, त्या कुणालाही ओळखत नाहीत. तुम्ही बोला, पण उत्तराची वाट पाहू नका.

बोलायला थंडीनं तोंड हलत नव्हतं. नुसता हात तिच्या कपाळावर ठेवला. मला स्वतःला काही जाणवलं नाही, लाकूड ठेवावं तसा तो ठेवला होता. पण तिचं तळमळणं थांबलं. भुवया सैल झाल्या. मिटल्या डोळ्यांनी ती म्हणाली,

"बरा वाटता. हात तसोच ठेवा."

ठेवा, असं म्हणाली. म्हणजे कुणाचा हात ते तिला कळलं होतं. तो हात तापला की मी दुसरा ठेवी, आणि पहिला खिडकीच्या लोखंडी गजावर गार करी. असं किती वेळ चाललं सांगता येणार नाही. मध्येच तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"फटफटयेन इलात?"

मी मान हलवली.

"कान तरी बांधलात मां?"

कोटाच्या खिशातून पंचा काढून मी तिला दाखवला. तिला पटलं असावं, कारण ती हसली. आमच्या संसारात मी सांगितलेलं तिला पुराव्याशिवाय पटत नसे. मग ती झोपली, खरीखुरी झोप, हात कपाळावर तसाच. मेहुणा भुशात गुंडाळलेला बर्फ घेऊन आला तेव्हा त्याला वाटलं की उतार पडला. मलाही वाटलं. दुपार कलली तसा श्वास बदलला, आणि दिवेलागणीच्या आधी ती गेली. पुन्हा जागी झाली नाही. एस्टी त्यानंतर पोचली. तो ड्रायव्हर गाडी उभी करून इस्पितळात आला, आणि या वेळी टोपी आधीच त्याच्या हातात होती.

घरी परतल्यावर आईनं सगळं विचारून घेतलं, अगदी बारीकसारीक. हातमोज्यांचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ते तेणां घेतल्यान." कुणी, ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. महिन्याभरात गावातल्या गोष्टीत म्हाताऱ्याच्या हातात रवळनाथासारखी तलवार आली होती. शिमग्यापर्यंत तो घोड्यावर बसला होता.

मी त्या गोष्टीवर पुष्कळ विचार केला आहे. रवळनाथाकडे आम्ही दोन गोष्टी मागितल्या आणि त्यानं दोन्ही दिल्या नाहीत. दुसरी का दिली नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे ते असतं त्यांच्याशी मी बोलत नाही. पण पहिली दिली असती, माझे हात गरम राहिले असते, तर त्या सकाळी मी तिच्या उशाशी पोचूनही तिच्यापर्यंत पोचलो नसतो. चार दिवस कुणालाही न ओळखणाऱ्या बाईनं मला माझ्या कानांबद्दल विचारलं. काय मागावं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आजही नाही. तेव्हापासून देवळात मी हात जोडतो आणि काही मागत नाही. गाऱ्हाणं घालणारा गुरव काहीही मागो, मी शेवटी व्हय म्हाराजा म्हणतो. त्यातलं कोणतं नाकारायचं ते देवाचं देव पाहील.

मे महिन्यात मेहुण्याकडे राहिलेली सुमनची लुगड्यांची पेटी आणायला मी पुन्हा घाट चढलो. त्या जागी ठेवायला आईनं नारळ दिला होता. ऊन लख्ख होतं आणि जागा लगेच सापडली. पौषातल्या धुक्यात जे मला दिसलं नव्हतं ते आता दिसलं: शेकोटीच्या जागेला लागूनच ट्रकवाल्यांसाठी चहाचं खोपट होतं. म्हातारा चूल फुंकत होता. त्यानं मला ओळखलं नाही. मी नारळ त्याच्या पुढ्यात ठेवला आणि वाकून नमस्कार केला. असं कुणी करत नसावं, कारण तो जरा मागे सरकला. मग त्यानं चुलीवरची किटली उतरवून मला चहा ओतला. किटली उतरवायला त्याच्या हातांत सुभेदारांचे हातमोजे होते. उजवा बोटांपाशी जळून फाटला होता. माझी नजर त्यांवर खिळलेली पाहून त्याला ओळख पटली असावी, कारण आणखी एखादा जोड आहे का, असं त्यानं मला विचारलं.