देवाला विचारायचं राहिलं ते

ये गो, अशी जवळ बस, असं म्हणायचं होतं. दोन दिवसांसाठी येतेस नि तेही फोनात घालवतेस. आजीकडे मान वर करून बघितलंस काय एकदा तरी? म्हणून लिहूनच ठेवते. तिकडे मुंबईत वाच.

तू पाचवीत होतीस, तेव्हा आपल्या सड्यावर सरकारी विद्यापीठ होणार असं ठरलं. कोकणातल्या पोरांना शिकायला मुंबई गाठायला नको, म्हणून. डोंगरावरचा तो उघडा सडा गावाचा, गुरं चरायची जागा. द्यावा की नाही, यावरून भांडणं झाली. शेवटी देवाला कौल लावला. गुरवाने पाषाणाच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली नि गाऱ्हाणं घातलं, "जागा द्यायची असेल तर उजवं दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठ्याने मी ओरडले होते. माझी नात घरचा डबा घेऊन कॉलेजात जाईल, एवढंच डोक्यात. उजवं फूल पडलं.

गेट झालं, कुंपण झालं. चरणं बंद झालं, तशी मी गाय देऊन टाकली. बारावीनंतर तू वर नाव घातलंस, समुद्राचा अभ्यास करायला. दोन खोल्या, शिकवणारा एकच, तोही तासावर. दिवाळीनंतर तो यायचाच बंद झाला. तुम्ही पोरं रोज जायचात नि डबा खाऊन परत यायचात.

मी चढून ऑफिसात गेले. कारकुनाला म्हटलं, "मास्तर कधी येणार?"

"पदं मंजूर नाहीत, आजी."

"मग पोरांना काय जेवायला बोलावलंत?"

तो हसला नाही. हळूच म्हणाला, "नातीला मुंबईला घाला. हा विषय बंद होतोय."

मुंबईलाच!

तू गेलीस. तिथे प्रवेश मिळाला नाही, दुकानात लागलीस. पुढच्या वर्षी शिकेन म्हणतेस. तीन वर्षं झाली. मी विचारायचं सोडलं.

गुरवाला मात्र विचारलं, "देवाने फसवलं काय रे?"

"काकी, आपण जागेचं विचारलं. मास्तरांचं कोणी विचारलं?"

आता वर गवत माजलंय, पण राखणदार गुरं शिरू देत नाही. तू कायमची परत येशील काय, असा कौल लावावा म्हणते. धीर होत नाही गो. डावं पडलं तर? म्हणून देवाला नाही, तुलाच विचारते. गणपतीपर्यंत थांबू नको. लवकर ये.