नुसतं चालेल

माझा थोरला भाऊ कमळाकर तळोज्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं माल तपासायचा. खोट दिसली की रिजेक्ट. निवृत्त झाल्यावर खांदा कॉलनीतल्या घरात तपासायला फक्त दमयंतीवहिनी उरली. पोळी गोल नाही, रिजेक्ट. चादरीला सुरकुती, रिजेक्ट. गेल्या दिवाळीत त्याने करंज्या पट्टीने मोजल्या, तेव्हा वहिनी बॅग भरून उरणला बहिणीकडे गेली. "आधी डॉक्टर, मग मी," एवढंच म्हणाली.

दादाला मी नेलं. "मी नीटनेटका आहे. उपचार ढिसाळ माणसांवर करा," असं त्याने डॉक्टरीणबाईंना सुनावलं आणि त्यांच्या भिंतीवरची तसबीर सरळ केली.

चार भेटींनंतर त्यांनी नाव सांगितलं: ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह व्यक्तिमत्त्व विकार. सगळं बिनचूक हवं, कुठलंच काम दुसऱ्यावर सोपवायचं नाही, आणि आपलंच बरोबर ही खात्री.

मी घाईने विचारलं, "माझी नात मिताली सात वर्षांची आहे. रंगाचे खडू क्रमाने लावते. तिलाही...?"

"लावू द्या," त्या हसल्या. "क्रम मोडला म्हणून माणसं तुटायला लागली, तर या."

मी गोळी मागितली. स्वभावावर गोळी नसते, म्हणाल्या. महिनोन्महिने येऊन बोलत राहायचं. शिवाय घरचा अभ्यास: रोज तीनदा, मनाविरुद्ध, 'चालेल' म्हणायचं.

दादाने लगेच वही आखली. सकाळ, दुपार, रात्र; औषधासारखं, जेवणानंतर. दूधवाल्या तुळशीरामला एकदा उशीर झाला, तर दादा दारात घाम पुसत म्हणाला, "चालेल."

तुळशीरामने घाबरून मला फोन केला. "ताई, सायबांची तब्बेत बरी हाय ना?"

सहा महिन्यांनी वहिनी बघायला आली. चपला मुद्दाम वाकड्या काढल्या. दादाचे हात शिवशिवले. त्याने ते खिशात घातले. तिने चहात साखर जास्त टाकली. "चालेल." मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते.

शेवटी वहिनीने विचारलं, "मग, मी राहू?"

"चालेल," दादा म्हणाला.

वहिनीने बॅग उचलली. "सहा महिन्यांनी बायको आली, आणि नुसतं चालेल?"

"अगं, ते सवयीने गेलं!" दादा गडबडला. वही उघडली, मिटली. "हे रिजेक्ट. हे चालेल रिजेक्ट. तू हवी आहेस मला. वाकड्या चपलांसकट."

वहिनीने बॅग खाली ठेवली, भिंतीला तिरकी. दादाने ती सरळ केली.

"अहो!" वहिनीने डोळे वटारले.

दादाने बॅग पुन्हा, अगदी होती तितकीच, तिरकी केली.