परवानगीची चाचणी आणि पांढुर्ण्याची ताई

पुण्याच्या कंपनीचं काम मी मध्य प्रदेशातल्या सौंसरला घरूनच करतो. मागच्या हिवाळ्यात एक चाचणी आमच्या मागे लागली होती. परवानगी नसलेल्या कोडने फाइल वाचायला घेतली की प्रोग्रॅमने त्याला अडवायचं, एवढंच ती तपासायची. एकटी चालवली की पास. सगळ्या चाचण्यांसोबत चालवली की नापास. अडवायचं त्याला प्रोग्रॅम खुशाल आत सोडायचा.

माझ्यासोबत टीममधली एक अनुभवी बाई फोनवर होती. आमचं बोलणं नेहमी इंग्रजीत, अगदी बेतशीर. त्या सकाळी चाचणी पुन्हा पडली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काऊन असं करून राहिलं हे?"

पलीकडून ती म्हणाली, "तुम्ही कुठचे हो?"

"सौंसरचा."

"अन् मी पांढुर्ण्याची. इथूनच बोलून राहिली. इतके दिवस आपण उगाच इंग्रजी फाडून राहिलो."

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन मी बसने पांढुर्ण्याला तिच्या घरी गेलो; आता मी तिला ताईच म्हणू लागलो होतो. तिचे यजमान शाळेत गेले होते, सासूबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. आम्ही ओसरीवर बसलो. कोडचा प्रत्येक तुकडा, म्हणजे क्लास, कुठून उचलला जातो ते छापून बघू, असं ताईने सुचवलं. आमच्या प्रोग्रॅममध्ये परवानगी त्यावरच ठरायची. छापून आलं तेव्हा उलगडलं. आमच्या क्लासची एक जुनी प्रत विश्वासातल्या फोल्डरमध्ये पडून होती. आधीच्या एका चाचणीने ती मेमरीत उचलून ठेवलेली, आणि आमच्या चाचणीच्या हाती तीच लागत होती. तिला सगळीकडे मुभा, मग अडवणार कोण?

प्रोग्रॅमचं काही चुकलं नव्हतं. ती प्रत काढून टाकली, प्रत्येक चाचणी आपले क्लास स्वतंत्र उचलेल अशी सोय केली. सगळ्या चाचण्या एकदम चालवल्या. सगळ्या पास.

"झालं का तुमचं?" सासूबाईंनी विचारलं.

"झालं जी," मी म्हणालो.

"मंग जेवून घ्या दोघं."

ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी होती. मी दोनदा वाढून घेतली. आता आठवड्यातून एकदा मी तिथे कामाला जातो, कधी ती सौंसरला येते. बरं चाललंय.