पोरीच्या बदलीची केस

माझी बायको गेली तेव्हा पोरगी रेल्वेत होती. ती कोकणात, समुद्राकाठच्या कॉलेजात डॉक्टरकी शिकते. आईचं दुखणं जास्त झालं म्हणून निघाली होती. वाटेत तिचा फोन आला, "बाबा, आईले द्या जरा." मी म्हटलं, "आई गेली." मला गोलगोल बोलता येत नाही, कधी आलंच नाही. पुढची सारी वाट तिनं तेवढं ऐकून काढली. डब्यातल्या कोण्या अनोळखी बाईनं तिला पाणी पाजलं, डोकं मांडीवर घेतलं, असं तिनं मागाहून सांगितलं. त्या बाईचं भलं होवो.

उन्हाळा होता. भावकी म्हणाली, ठेवता येत नाही. आम्हाला पोरगा नाही, ही एकच पोरगी, म्हणून अग्नी मीच दिला. ती पोचली तेव्हा राख सावडायची बाकी होती. रडली नाही. माझ्या बाजूला उकिडवी बसली अन् हाडं वेचू लागली. माझी चुलतवहिनी म्हणाली, "पोरीच्या जातीनं हात लावू नये व." तर ही म्हणते, "काकू, मी हाडंच शिकली पहिल्या वर्षी. मले सारे ओळखू येतात." मला तिथून उठून जावं वाटलं.

केसचं सांगतो. लोक अजून विचारतात, काय झालं तुमच्या केसचं.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं पाणी खारट, बोअरचं त्याहून खारट. घरोघरी कोणाची ना कोणाची किडनी गेलेली. माझ्या बायकोची गेली तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही, मलाच वाटलं. कारण ती माझ्यापेक्षा दणकट होती. मग खामगावला मशीनवर जाणं सुरू झालं. आठवड्यातून दोनदा. रक्त बाहेर काढायचं, धुवायचं, परत घालायचं. मी सोबत जाई, पण तिला माझी सोबत पसंत नव्हती. म्हणे, "तुमाले कागद वाचता येत नाही, अन् नर्ससंग भांडता. तुमच्यापेक्षा एकटी गेलेली बरी." खरं होतं ते. मी चौथीपर्यंतच शाळा पाहिली. कागदावर आकडे असत, खाली बारीक इंग्रजी. पोरगी तिकडून फोनवर नर्सला विचारी अन् आईला समजावून सांगे, आज पाणी कमी पी, आज केळ खाऊ नको. बायको माझं ऐकत नसे, फोनचं ऐके.

शेजारी झेडपीच्या शाळेतले एक मास्तर राहतात. त्यांच्या बायकोला मोठं दुखणं झालं तेव्हा त्यांनी बदली करून घेतली होती, गावापाशी. माझी बायको म्हणाली, "मास्तरची होते तं आपल्या पोरीची काऊन नाही? ते का सासरी गेली हाय?" मी हसलो. पण तिनं ते धरून ठेवलं. खाटेवर पडल्यापडल्या तेच. आपल्याकडचं कॉलेज पाहिजे, सकाळच्या बसनं जाऊन दिवे लागायच्या वेळी घरी येता येईल असं. पोरीनं अर्ज केला. दोन्ही कॉलेजांनी वर बोट दाखवलं. वरच्या ऑफिसातून उत्तर आलं, पूर्वी अशी बदली होत होती, आता नियमानं बंद आहे. मग मास्तरच म्हणाले, नागपूरला हायकोर्टात जा, तिथं माणसाचं ऐकतात.

वकील तरुण होता, मेहकरकडचा. मला काकाजी म्हणे. त्यानं पोरीच्या नावानं केस टाकली. कारण लिहिलं, आई आजारी, मशीनवर, एकुलती एक पोर, दुसरं पाहणारं कोणी नाही. मी म्हटलं, "मी हाय न." तो म्हणाला, "काकाजी, तुम्ही नाही असंच समजा." बायकोला हे सांगितलं तर खाटेवर उठून बसून हसली. म्हणे, "वकील हुशार दिसते."

त्या केसची तारीख यायच्या आधी ती गेली.

वकिलाला कोणी सांगितलं नाही. मला वाटलं पोरीनं सांगितलं, पोरीला वाटलं मी सांगितलं. खरं म्हणजे दोघांच्याही डोक्यात वकील नव्हताच. दहावा झाला, घाटावर न्हाव्यानं माझे केस उतरवले, मिशाही काढल्या. आरशात पाहिलं तर कोणी दुसराच म्हातारा. त्याच संध्याकाळी पोरीच्या फोनवर वकिलाकडून निरोप आला, परवा केस लागली आहे.

थोरले भाऊ म्हणाले, "तेरवी झाल्याबिगर घराबाहेर पाय टाकाचा नाही. सुतक हाय."

मी म्हटलं, "कोर्टाले सुतक लागत नाही, दादा."

"कोर्टाले नाही लागत. तुले लागते. वकील पाहून घेईन न."

"वकील पाहाते? धुऱ्याच्या केसमंदी काय झालं मंग?"

आमच्या बांधाची केस तालुक्याच्या कोर्टात होती. एका तारखेला मला ताप होता, गेलो नाही, तर एकतर्फी निकाल लागला अन् धुरा शेजाऱ्याकडे गेला. तेव्हापासून आमच्या घरात एक गोष्ट पक्की झाली: तारखेला हजर राहायचं, मेलं तरी. म्हणून मी डोक्यावर टोपी घातली, पोरीला घेतलं अन् शेगावहून गाडी धरली. हायकोर्टात माणूस लागत नाही, वकीलच लागतो, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. पोरगी डॉक्टरकीची पुस्तकं वाचते, पण हे तिलाही माहीत नव्हतं. आमच्या घरचं कोर्ट म्हणजे तालुक्याचं कोर्ट.

तिथं गर्दी. काळ्या कोटांची इतकी की त्यात आमचा वकील सापडेना. दाराशी पोलीस होता. म्हणाला, "टोपी काढा बाबा, आत चालत नाही." मी टोपी खिशात घातली. मागच्या बाकावर बसलो. उंचावर दोन जज. सारं इंग्रजीत, भराभर. एकेक नाव पुकारत, लोक उठत, बसत. मग आमचा वकील कुठून तरी पुढं येऊन उभा राहिला. त्यानं आम्हाला पाहिलं नव्हतं.

तो बोलू लागला. चांगलं बोलत होता, हात हलवून, आवाज मधेच खाली आणून. मला त्यातलं 'मदर' तेवढं समजलं. पुन्हा पुन्हा मदर, मदर.

मी पोरीला विचारलं, "काय म्हणून राह्यला?"

तिचे ओठ पांढरे झाले होते. "म्हणते, आई खाटेवर पडून हाय. म्हणते, तिले मशीनवर न्याले कोणी नाही. म्हणते, तिले पोरीची गरज हाय."

"हाय म्हणते?"

"हाव."

"तुनं सांगतलं नाही त्याले?"

"मले वाटलं तुमी सांगतलं."

तो तिकडं बोलतच होता. माझी बायको त्याच्या तोंडात जिवंत होती. चहा मागत असेल, उशी सरकवून दे म्हणत असेल, अशी जिवंत. मला ते ऐकवेना. मी उभा राहिलो अन् म्हणालो, "ती गेली, साहेब."

पोलीस धावला, बाही धरून मला खाली बसवू लागला. एक जज म्हणाले, मराठीतच, "थांबा. बाबा, कोण गेलं?"

"माही बायको. जिच्यासाठी हे चालू हाय, तेच. वकीलसायबाची चूक नाही. आमी सांगतलंच नाही त्याले."

"कधी?"

"तेरवी बाकी हाय."

वकील मागं वळला. त्यानं माझं डोकं पाहिलं. मग पोरीकडं पाहिलं. त्याचा हात हवेत तसाच राहिला होता, तो त्यानं हळूच खाली घेतला. मग पुन्हा पुढं वळून तो काही बोलला, आता 'फादर' म्हणत होता. पण आवाज पहिल्यासारखा नव्हता. दुसऱ्या बाजूची वकीलबाई उठली, तीही हळूच बोलली. दोन्ही जजांनी डोकी जवळ आणली.

मग मराठीत बोललेले जज पोरीला म्हणाले, "बेटा, तुझ्या दुःखाचं आम्हालाही वाईट वाटतं. पण तू ज्या कारणासाठी आली होतीस ते कारण आता राहिलेलं नाही. आणि बदलीची वाट नियमानेच बंद आहे. ती उघडणं आमच्या हातात नाही."

त्यांनी चांगुलपणानंच सांगितलं. मी कोणाला नावं ठेवत नाही.

बाहेर व्हरांड्यात वकील म्हणाला, "काकाजी, एक फोन करायचा होता. पक्षकाराला इथे यावंच लागत नाही. मी पुढची तारीख घेतली असती. अर्ज सुधारला असता, वडील म्हातारे, एकटे."

"मंग जमलं असतं?"

त्यानं काळा कोट काढून हातावर घेतला. "बहुतेक नाही."

"बहुतेक म्हणजे?"

"नियमच तसा आहे, काकाजी."

मला हो किंवा नाही पाहिजे होतं. बहुतेक हा शब्द मी घरी घेऊन आलो. तो अजून माझ्यापाशी आहे. लोक म्हणतात, तुम्ही खरं बोलले, चांगलं केलं. मी खरं बोलायला उठलो नव्हतो. मला ऐकवलं नाही, एवढंच.

तेरवी झाली. पाव्हणे गेले. पोरगी बॅग भरेना.

"मी जात नाही," म्हणाली.

"इथं राहून काय करशीन?"

"तुमाले भाकर कोण टाकीन?"

"भाकर मले येते."

"पाह्यली ना तुमची भाकर. कुत्र्यानं हुंगून सोडली."

"तुही माय मशीनवर पडून तुह्या परीक्षेचं विचारत जाय. तिले काय सांगू मी?"

ती म्हणाली, "बाबा, तिले काहीच सांगाचं नाही. ते नाही हाय आता."

खरं सांगायचं तर ती राहिली असती तर मला हवंच होतं. घरात कोणी वावरलं की भांडं वाजतं. भांडं वाजलं की बरं वाटतं. पण तसं म्हटलं असतं तर ती राहिलीच असती. म्हणून तेही म्हणता येईना. दोन दिवस आम्ही एकमेकांपासून तोंड लपवत फिरलो.

मग गल्लीतली एक बाई आली. तिचंही किडनीचंच, अजून मशीन लागलं नव्हतं. पदरातून रिपोर्ट काढून पोरीपुढं धरला. "पाह्य व माय, तू तं डाक्टरीण हाय." पोरीनं कागद घेतला. पाहत राहिली. पुन्हा पुन्हा पाहिला. शेवटी म्हणाली, "काकू, मले अजून एवढं समजत नाही. खामगावच्या डॉक्टरले दाखवा." बाई म्हणाली, "बरं मंग, शिकून ये तू." अन् गेली. पोरगी त्या दारात किती तरी वेळ उभी होती. संध्याकाळी तिनं बॅग काढली.

ती गेल्यावर मी पावसाळा काढला. दिवाळी गेली. मग एक दिवस मनात आलं, नियम पोरीच्या बदलीला आहे, बापाच्या नाही. तिची होत नाही तर माझीच करावी. शेत भावाकडं बटईनं, अर्ध्या पिकावर दिलं अन् निघालो.

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला. एकदा पाहिला, पुरे झालं. मला तिच्या कॉलेजच्या दवाखान्याजवळ राहायचं होतं. दवाखान्याला लागून धर्मशाळा आहे, तिथं जागा मिळाली. दिवसभर मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसे. आजूबाजूला नातेवाईक, कोणी डबा घेऊन, कोणी कपाळाला हात लावून. एक बाई रोज शेजारी बसे. तिनं विचारलं, "तुमचं कोण आहे आत?"

"पोरगी."

"अगं बाई! काय झालंय तिला?"

"काही नाही झालं. शिकते."

"मग तुम्ही इथे कशाला बसता?"

तिच्या नवऱ्याचं पोटाचं ऑपरेशन होतं. तिला काय सांगणार?

पोरगी दुपारी येई, कधी उभ्याउभ्याच. पांढरा कोट, गळ्यात ती नळी. म्हणे, "बाबा, जेवले?" मी म्हणे, "हाव." ती घड्याळ पाही, पळे. एवढंच. पण एवढं रोज होतं.

मग धर्मशाळेच्या माणसानं सांगितलं, पेशंटचा कागद आणा. इथं पेशंटच्या नातेवाइकांनाच राहता येतं. मी म्हटलं, पेशंट नाही. तो म्हणाला, मग खोली सोडावी लागेल, आजोबा, बाहेर लोक थांबले आहेत. खरंच थांबले होते. एक माणूस बाळंतिणीचं सामान घेऊन दारातच बसला होता. पोरगी धावत आली. त्याच्याशी बोलली, आधी गोड, मग चिडून. म्हणाली, "दादा, माझे वडील एकटे आहेत हो. दुसरं कोणी नाही त्यांना." तो बिचारा म्हणाला, "मॅडम, मी काय करू? नियम आहे."

मी तिचा हात धरला. "राहू दे, माय."

बाहेर खोली पाहू म्हणाली. मी म्हटलं, नाही. तिच्या परीक्षा तोंडावर होत्या, अन् ती माझ्यासाठी खोल्या शोधत फिरणार. वळकटी बांधली. बाळंतिणीचं सामान मीच आत नेऊन ठेवलं. गाडी सकाळची होती, तिला वॉर्डात जायचं होतं. स्टेशनवर येऊ नको म्हणून मीच सांगितलं. ती आली नाही.