जानकाचं पेन

येडगावचे नानासाहेब शाळेत शिपाई. पण जुन्या शाईपेनांचा विषय निघाला की मास्तरांनाही गप्प बसवायचे. दर रविवारी जुन्नरच्या बाजारात भंगारवाल्याच्या पोत्यात हात घालायचा, पेन निघालं की अंगठ्याने खसाखसा चोळून नाकाशी धरायचं. रबरासारखा वास आला की स्वारी खूश.

"इबोनाईट! कडक रबर हाय, प्लास्टिक न्हाई, राव!"

मग टोपणाचे आटे बघायचे, निब नखावर टेकवायची. घरी आणलं की आधी पॉलिश पेपर, मग दात घासायची पेस्ट. तपकिरी पडलेलं पेन काळंभोर व्हायचं. त्यावर कुणी नाव घातलेलं असलं, तर पहिलं ते घालवायचं.

"दुसऱ्याचं नाव मिरवून काय करू?"

"एवढी माझी भांडी घासली असती तर!" बायको, अंजना, आतून म्हणायची.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात अवसरी खुर्दच्या जानकाबाई पत्ता विचारत आल्या. नवरा जाऊन वर्ष झालेलं. मुलाने वडलांची पेटी भंगारात घातली, तिच्यात पेन होतं. भंगारवाल्यानेच नानासाहेबांचं घर सांगितलं.

"कसं व्हतं पेन, बाई?"

"काळं. टोपणाला पितळी कडं. आन् माझं नाव. मालकांनी सुईनं घातल्यालं. मला वाचाय येत न्हाई, भाऊ, पर तेवढं वळखते."

नानासाहेबांना ते नाव आठवलं. 'जानका'. वेडीवाकडी अक्षरं, शेवटचा काना पार खाली ओढलेला. दोन दिवस घासलं तेव्हा कुठं गेलं होतं. अंजनाला कौतुकाने दाखवलंही होतं, "सांग, कुठं व्हतं?"

त्यांनी डबा उघडला. पितळी कड्याची काळी पेनं तीन. एकासारखं एक.

"ह्यातलं कंचं?" जानकाबाईंनी विचारलं.

आटे, निब, वास... सगळं ओळखणाऱ्या माणसाला एवढं एकच सांगता येईना.

"नाव मीच घासलं, बाई."

जानकाबाईंनी तिन्ही पेनांवरून सावकाश अंगठा फिरवला. काही लागलं नाही.

"तिन्ही घिऊन जावा."

"दोन दुसऱ्या कुणाची असत्याल की. त्यांचं माणूस आलं म्हंजी?"

"मग नाव परत घालून देतो. सुईनंच."

"तुमी घातल्यालं काय करू, भाऊ?"

चहा न घेताच त्या एस्टी गाठायला निघाल्या. नानासाहेब उंबऱ्यात बसून एकेक पेन उन्हात तिरकं धरत राहिले. निदान तो काना तरी कुठं राहिला असेल.

एकावरही चरा नव्हता. हात फार चांगला बसला होता त्यांचा.